बिऱ्हाडाला बाहेरून स्पीकर

मोठा आवाज करायच्या आधी साहेब "माफ करा हं" म्हणायचे. ग्राइंडर सुरू करायचा असो, पत्र्यावर हातोडा मारायचा असो की जीपचा हॉर्न वाजवायचा असो, आधी इकडेतिकडे बघून, समोर कुणी असो वा नसो, "माफ करा हं." एकदा कुकरची शिट्टी होणार असं दिसल्यावर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून एवढ्या जोरात माफी मागितली की मागच्या खोलीत माझ्या हातातली वाटी पडली. आतून काकू म्हणाल्या, "शिट्टी परवडली. तुमचीच जास्त भीती वाटते."

अंबरनाथ पूर्वेला त्यांचं बैठं घर होतं. मागच्या अंगाला एक खोली आणि मोरी, तिथे आम्ही नवराबायको भाड्याने राहायचो. माझं माहेर किनवटकडचं. शाळा सहावीत सुटलेली. लग्न होऊन इतक्या लांब आले ती नवऱ्याला इथे पॅकिंगचं काम लागलं म्हणून. मी उल्हासनगरला कॅम्पात एका सिंधी सेठच्या स्पीकरच्या कारखान्यात जायची. ही ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. खोली गेली तर कुठे जायचं ही काळजी मला रोज सकाळी चहाबरोबर यायची, म्हणून साहेबांसमोर मी कमी बोलायची. भाडेकरूने कमी बोलावं, असं माझ्या सासूने निघताना सांगितलं होतं.

साहेब एका मोठ्या केमिकल कारखान्यातून रिटायर झालेले. बॉयलर हाऊस त्यांच्याकडे होतं आणि बॉयलरच्या वाफेवर कारखान्याचा भोंगा वाजायचा, म्हणजे भोंगाही त्यांच्याकडेच. पाळी सुरू व्हायचा, जेवणाचा, पाळी सुटायचा. रिटायर होऊनही भोंगा झाला की ते मनगट वर करून घड्याळ बघत आणि "आज वीस सेकंद उशीर" असं स्वतःशी बोलत. जेवायला बसत ते भोंग्यावर. एकदा कारखान्यात काहीतरी बिघडून भोंगा झाला नाही, तर पावणेदोनपर्यंत ताट समोर ठेवून बसून राहिले. काकूंनी शेवटी तोंडाने भोंगा वाजवून दाखवला, तेव्हा जेवले.

ते कुणालाही नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना अहो, आणि पुढे कामाचं नाव. दूधवाला पालेगावचा, तो "अहो सप्लाय". पोस्टमन "अहो डिस्पॅच". काकू "अहो इन्स्पेक्शन". मी सेठकडे स्पीकरच्या कॉइलला तार गुंडाळायची हे कळल्यापासून मी "अहो वाइंडर". मला त्याआधी अहो असं कुणी म्हटलेलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, कुणी पुरुष आलाय का म्हणून.

किती शिकलात, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. हे लिहिताना साधं वाटतं, पण तेव्हा मला भेटणारं प्रत्येक माणूस तिसऱ्या वाक्याला तेच विचारायचं.

बिऱ्हाडाची गोष्ट सांगायला हवी. उल्हासनगरला मिलिटरीच्या डिस्पोजलचा माल विकणारे भंगारवाले होते. त्यांच्याकडून साहेबांनी दोन चाकांचा एक ट्रेलर आणला, त्याच्यावर लोखंडी अँगल उभे केले, पत्रा मारला आणि एक खोली तयार केली. आत समोरासमोर दोन बाक, त्यांवर गाद्या, स्टोव्हला खण, पाण्याची टाकी, खिडकीला जाळी. जुन्या जीपच्या मागे जोडायची आणि न्यायची. रद्दीच्या दुकानात त्यांना एक इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यात अशा गाडीचं चित्र होतं. मासिकात तिला कॅम्पिंग ट्रेलर म्हटलेलं. साहेब बिऱ्हाड म्हणत आणि काकू "तो डबा" म्हणत.

चित्रात दाराच्या दोन्ही बाजूंना, बाहेरच्या अंगाला, दोन स्पीकर बसवलेले होते. समोर खुर्च्या टाकून गोरी माणसं बसलेली, एक बाई हात वर करून नाचतेय. साहेब महिनाभर ते चित्र बघत होते. नाचणारी बाई त्यांना दिसली नसावी.

"आत लावला असता तरी ऐकू आलं असतं," ते म्हणाले. "मग बाहेर का लावला असेल, अहो वाइंडर?"

मी म्हटलं, "मला काय माहीत, साहेब."

मग त्यांनी ते लोकांना विचारायला सुरुवात केली. बिऱ्हाडाच्या पत्र्याला तेव्हा नुसता तांबडा रेड ऑक्साइड मारलेला होता. एका अंगावर त्यांनी खडूने उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं "हवे", उजवीकडे "नको". घरी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात खडू. बाहेर स्पीकर हवेत की नकोत, आणि का. एका माणसाने एकच कारण द्यायचं, आधी लिहिलेलं पुन्हा लिहायचं नाही, आणि खाली नाव घालायचं नाही. पोस्टमनने सवयीने सही केली तर साहेबांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. "कारणाला आडनाव नसतं, अहो डिस्पॅच."

हवेच्या बाजूला भराभर भरलं. पत्र्याची खोली दुपारी तापते, आत बसून बातम्या ऐकवणार नाहीत. स्टोव्ह बाहेर पेटवला तर स्वयंपाक करणाऱ्यालाही ऐकू येईल. नदीवर गेलेल्या माणसाला परत बोलावता येईल. कोल्हे जवळ येणार नाहीत. हे शेवटचं दूधवाल्याचं. त्याला साप असंही लिहायचं होतं, पण सापाला कान नसतात म्हणून साहेबांनी अडवलं. "मग साप नको कारण म्हून लिवा," दूधवाला म्हणाला. "स्पीकर वाजतोय, साप आयकत नाय, आपल्यालाबी साप आयकू येत नाय." साहेबांनी थोडा विचार केला आणि खरंच नकोच्या बाजूला लिहिलं, "आपल्याकडे काय येतंय ते ऐकू येत नाही."

नकोच्या बाजूला आणखी होतं. भोकं पाडली की पत्रा गळणार. बॅटरी उतरणार. धूळ बसणार. पत्रा थरथरून खरखर करणार. चोरीला जाणार. गावातलं हळदीला मागून नेतील, नाही म्हणता येणार नाही. काकूंनी खडू हातात घेतला नाही, त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, "मी घराबाहेर पडते ती घरातलं ऐकायला नाही." साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

"अहो वाइंडर, तुमचं?"

"नंतर देते."

माझं राहिलं, ते राहिलंच. त्याला कारण होतं.

सेठच्या कारखान्यात बायका एका लांब बाकावर बसत. कॉइल गुंडाळायची, कागदी कोनला सोल्युशन लावायचं, फ्रेममध्ये चिकटवायचं. सोल्युशनचा वास डोक्यात जायचा. डब्यातल्या भाकरीलाही तो वास यायचा आणि मला खोकला धरलेला. पलीकडे खिडकीजवळ टेबल होतं. तयार स्पीकर तिथे वाजवून बघायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. टेबलावर तीन पुरुष बसायचे. वास तिथवर येत नसे, हे एक. दुसरं म्हणजे दिवाळी उलटली की मंदी यायची आणि सेठ बाकावरच्या बायकांना घरी बसवायचा. परत कधी बोलावणं येईल ते सांगता येत नसे. टेबलावरचे मात्र बारा महिने. माझ्या नवऱ्याची नोकरीही तेव्हा कच्चीच होती. दोघंही घरी बसलो तर खोली सोडून किनवटला परत, हे ठरलेलंच होतं.

मला कोन दोन अंगठ्यांनी दाबून बघितला की कॉइल कुठे घासतेय ते कळायचं. कसं कळायचं ते सांगता येणार नाही. मी एकदा सेठला म्हटलं होतं, मला टेबलावर बसवा. सेठ वाईट माणूस नव्हता. हसून म्हणाला, "बेटा, बाकडे पे हाथ का काम है. टेबल पे कान का काम है. औरत लोग का कान किधर, घर में."

ही गोष्ट मी काकूंना सांगितली. काकूंनी साहेबांना सांगितली असणार. आठवड्याने साहेब टोपी घालून कारखान्यात आले. मी बाकावरून बघत होते आणि वाटलं, आता खोलीही गेली आणि कामही गेलं.

"दहा इंची दोन स्पीकर पाहिजेत," ते म्हणाले. "उघड्यावर टिकणारे. रिकाम्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एकाच हाताने केलेले. हे वाइंडर करतील."

"साईं, ये तो गोंद लगाती है."

"मग काय झालं? मी पहिली दोन वर्षं कोळसा ओढायचो."

सेठने माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. "ठीक है साईं. आपने पास कर दिया, आपके गाडी पे लग गया, तो टेबल इसका. नहीं लगा तो बाकडा. फिर मेरे को दोष नहीं देने का."

म्हणून मी पत्र्यावर काही लिहीत नव्हते. हवे लिहावं तर ते माझ्या पोटापाण्यासाठी झालं असतं. नको लिहायचं म्हणजे आपल्याच हाताने बाकावर बसायचं. रोज कामावरून आले की मी दोन्ही बाजूंच्या ओळी मोजायची. नको वाढलं की जेवण जायचं नाही.

साहेबांची पद्धत अशी की कारण कुणी दिलं की त्यावर वाद घालायचा नाही, करून बघायचं. बॅटरी उतरते का? सकाळी दहाला जीपवर रेडिओ लावला तो दोनपर्यंत. जीप सुरू झाली नाही. गल्लीतल्या लोकांनी ढकलली, साहेबांनी त्या कारणापुढे बरोबरची खूण केली. चोरीला जातो का? एक मेलेला स्पीकर त्यांनी फाटकाबाहेर खिळ्याला लटकवला आणि आठवडाभर आत घेतला नाही. आठव्या दिवशी पोस्टमन तो काढून घरात घेऊन आला. "साहेब, बाहेर विसरला होता. वायर तुटली होती, मी जोडलीय." साहेब इतके निराश झालेले मी कधी बघितले नव्हते. त्या कारणावर त्यांनी काट मारली.

पाण्याचा प्रयोग सगळ्यांत लांबला. मी केलेला पहिला स्पीकर त्यांनी अंगणात उभा केला, त्यावर रेडिओच्या बातम्या लावल्या आणि स्टुलावर चढून झारीने वरून पाणी घातलं. "माफ करा हं." रोज तीन झाऱ्या. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज पाण्यात गुळण्या केल्यासारखा व्हायचा आणि शेजारची माणसं कुंपणाशी उभी राहून बघायची. चौथ्या दिवशी कोन लोंबला. मी रात्रभर जागीच होते. दुसऱ्या स्पीकरच्या कोनला मी कॉइलला लावायचं वॉर्निश पातळ करून लावलं, मागून पुढून एकेक हात. टेबलावरचे म्हणाले, आवाज बसेल. साहेबांनी झारी घातली. पाच दिवस, आठ दिवस, अकरा दिवस. बातम्या चालू राहिल्या.

"कुणी सांगितलं वॉर्निश?"

"कुणी नाही."

"हं," ते म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. मग मी तसाच जोडीचा दुसरा केला. साहेबांनी पत्र्याला दोन गोल भोकं पाडली, रबराची पट्टी लावून स्पीकर बसवले आणि वरून जाळी मारली. "अजून पास नाही," मला म्हणाले. "हे अंगण आहे. उघड्यावर ऐकायचं."

आता टेप. गाण्यावर स्पीकर तपासायला साहेबांचा सक्त विरोध. त्यांचं म्हणणं, गाणं लावलं की माणूस स्पीकर ऐकत नाही, त्याला आपलं लग्न ऐकू येतं, आपली आई ऐकू येते. आवाज असा हवा की जो सगळ्यांना तंतोतंत माहीत आहे आणि कुणाला आवडत नाही. तो त्यांच्याकडे होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी बॉयलर हाऊसच्या अंगणात टेपरेकॉर्डर ठेवून भोंगा भरून घेतला होता. खालून गुरगुरत उठणारा, वर जाऊन मिनिटभर एका जागी थांबणारा, मग हळूहळू बसणारा. एवढंच त्या कॅसेटवर होतं.

दिवस शुक्रवारचा ठरला. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी भोंगा वाजत नाही, आत फक्त टाक्या धुणारे, दुरुस्ती करणारे थोडे लोक असतात. साहेबांनी नीट विचार करून ठरवलं होतं. "शुक्रवारी भोंगा नसतो. त्यामुळे कुणाचा घोटाळा होणार नाही. कुणी पाळी चुकणार नाही, कुणी डबा आधी उघडणार नाही."

मला ते पटलं. काकूंनाही पटलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर सगळे शहाणे झाले.

बदलापूरच्या पुढे चामटोलीजवळ नदीकाठी एक ओळखीचं रान होतं. भातकापणीचे दिवस. साहेब, काकू आणि वायरींसाठी मी. बिऱ्हाड जीपच्या मागे डुलत होतं आणि साहेब बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. पोचल्यावर काकूंनी बाहेर स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. नदीच्या पलीकडे शेतं, शेतांच्या मागे घरं. तिथले निम्मे लोक शेतात आणि निम्मे कारखान्यात, हे आम्हाला माहीत होतं.

साहेब रुमाल घेऊन चालत गेले. दोनशे पावलांवर उभे राहिले, पाठमोरे. रुमाल हलवला की बटण दाबायचं, असं ठरलं होतं. ते तिकडून ओरडले, "माफ करा हं!" मग रुमाल हलला. बटण मी दाबलं.

जवळून तो टेपचा आवाज आहे हे कळत होतं. पण चांगला होता. कुठे फाटला नाही, कुठे घासला नाही. वर गेला, थांबला, बसला. मी हाताची बोटं जाळीवर ठेवली होती आणि मनात टेबल आलं, खिडकी आली. आणि त्याच वेळी पोटात गोळा आला. कारखान्यात कामाला असलेला माझा नवरा सुट्टीचा घरी झोपलेला होता, टेप मीच लावली होती, तरी आला.

साहेबांनी पुन्हा रुमाल हलवला, आवाज वाढवून पुन्हा एकदा. नदीवरून आवाज पलीकडे गेला. जवळ टेप वाटणारा तो आवाज लांब जाऊन बारीक झाला की अंबरनाथहून आल्यासारखाच लागत असणार. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्यांदा पलीकडचं कापणीचं काम थांबलं. माणसं उभी राहिली. मग रस्त्यावर सायकली दिसल्या, एक, दोन, मग सात-आठ, सगळे उभ्याने पायडल मारत बदलापूरच्या दिशेने. कुणी ओरडत नव्हतं.

"कुठे निघाले हे?" काकू म्हणाल्या.

मग ती बाई आली. गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडून, हातात विळा तसाच, लुगडं ओलं. जीप बघून आली होती.

"साहेब, गारी तुमची हाय ना? मना कंपनीन सोरा. आमचे हे टाकी धुवाला गेलेत."

साहेब परत येऊन उभे राहिले होते. हातात रुमाल तसाच.

"शुक्रवारचा भोंगा झाला ना," ती बाई त्यांना समजावून सांगू लागली, त्यांना कळलं नसेल म्हणून. "शुक्रवारी भोंगा म्हंजे आतमंदी काय तरी झाला. मागं झाल्ता तवा अशेच झाल्ता. उठा साहेब, बसलाव का?"

कुकरच्या शिट्टीची माफी मागणारा माणूस गप्प होता. शेवटी काकू म्हणाल्या, "बाई, भोंगा झाला नाही. आमचा होता. ह्या डब्यातून वाजला. टेप आहे."

बाईने बिऱ्हाडाकडे बघितलं. जाळीकडे, मग माझ्याकडे. तिला ते खरं वाटलं आणि वाटलंही नाही. ती खाली बसली. विळा बाजूला ठेवला आणि साहेबांकडे बघून म्हणाली, "तुमचे हातान बटन हाय, साहेब. आमचे कानाला बटन नाय."

मग उठून म्हणाली, "तरी मना कंपनीन सोरा."

साहेबांनी बिऱ्हाड सोडवून जीप मोकळी केली. काकू मला म्हणाल्या, "तू जा हिच्याबरोबर." शिरगावच्या पुढे आम्ही सायकलवाल्यांना गाठलं. साहेब प्रत्येकाशेजारी जीप हळू करून सांगत होते, काही झालेलं नाही, चूक माझी आहे, परत फिरा. एकही फिरला नाही. एक जण म्हणाला, "बगून येतो ना." साहेबांना तोंडावर कुणी शिवी दिली नाही, मागून दिली ती मी ऐकली. त्यांनीही ऐकली असणार.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने साहेबांना सलाम ठोकला. आत निरोप गेला. बऱ्याच वेळाने गमबूट घातलेला, डोक्यापासून ओला एक माणूस वैतागून बाहेर आला.

"काय गो? काय झाला?"

ती बाई गजाच्या पलीकडून त्याला वरपासून खालपर्यंत बघत होती.

"काय नाय. डबा खाल्लास का?"

"अजून वेल हाय."

"बरा," ती म्हणाली आणि वळून जीपमध्ये येऊन बसली.

परत आल्यावर चहा आटून गेलेला होता. साहेबांनी पेचकस घेतला, जाळ्या काढल्या, दोन्ही स्पीकर उतरवले आणि भोकांवर पत्र्याचे तुकडे ठोकले. हातोडा मारताना "माफ करा हं" म्हटलं नाही. मी वायरी गुंडाळत होते. माझं बाकडं मला तिथे नदीकाठीच दिसत होतं. विचारायला नको होतं, पण घरी पोचल्यावर विचारलंच.

"साहेब, सेठला काय सांगणार?"

"जे झालं ते."

झोप आली नाही हे सांगायला नको. नवरा म्हणाला, कानावर घालून तर ठेवू गावाकडे. पोस्टकार्ड लिहायला घेतलं आणि तसंच ठेवलं.

शनिवारी साहेब कापडी पिशवीत दोन स्पीकर घेऊन कारखान्यात आले. बाकावरच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. त्यांनी स्पीकर सेठच्या काउंटरवर ठेवले.

"वापस?" सेठ म्हणाला. "खराब निकला? मैं बोला था साईं."

"गाडीवर लावणार नाही."

"मतलब फेल."

"ऐका," साहेब म्हणाले. आणि खरंच जे झालं ते सांगितलं. शुक्रवार, रुमाल, नदी, सायकली, विळा, गेट. स्वतःची चूक कुठे झाली तेही. सांगताना आवाज वर नाही, खाली नाही, रिपोर्ट वाचावा तसं. सेठ आधी हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.

"वीस-वीस वर्षं हा भोंगा ऐकणारी माणसं आहेत ती," साहेब म्हणाले. "मी एकोणीस वर्षं तो वाजवला. त्यांना फरक कळला नाही. हातातला विळा टाकायचं सुचलं नाही त्या बाईला. तुमच्या टेबलावर यापेक्षा मोठी टेस्ट होते का?"

सेठने काउंटरवरचे स्पीकर स्वतःकडे ओढले.

"गाडीवर स्पीकर नापास. तो माझा निकाल आहे, माझ्या गाडीचा. वाइंडर पास."

"कौन वाइंडर?"

साहेबांनी टोपी घातली आणि माझ्या बाजूला बोट केलं. मग गेले. माझ्याकडे बघितलं नाही.

सेठने एक स्पीकर उचलला, दोन अंगठ्यांनी कोन दाबून बघितला. वॉर्निश लावलेल्या कोनवर टिचकी मारली. टेबलाकडे बघून म्हणाला, "एक स्टूल सरकाव रे उधर." मग माझ्याकडे, "आ जा बेटा. अब मुँह क्या देखती है, दिवाली का माल पड़ा है."

त्या टेबलावर मी पुढे अकरा वर्षं बसले. ते दोन स्पीकर सेठने विकले नाहीत, नवीन माल त्यांच्याशी ताडून बघायला भिंतीवर लावले. पुढे मी बदलापूरला माझं दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा साहेब नव्हते. बिऱ्हाड मात्र त्याआधी पुष्कळ फिरलं. काकू बाकावर बसून खिडकीतून बघत आणि साहेब बाहेर उकिडवे बसून चहा पीत. आत एक छोटा रेडिओ होता, तो कानाजवळ धरून ऐकावा लागे. चामटोलीला ते त्यानंतर दरवर्षी भातकापणीला जात. त्या बाईच्या शेतात साहेब अर्धा दिवस पेंढ्या उचलत, वाईट उचलत, असं काकू सांगायच्या.

पण त्या शनिवारी संध्याकाळी मी घरी आले तेव्हा साहेब अंगणात रंगाचा डबा घेऊन बसले होते. राखाडी रंग. बिऱ्हाड रंगवायचं होतं. पत्र्यावर खडूची कारणं अजून तशीच होती. नकोच्या बाजूला एक नवीन ओळ त्यांच्या अक्षरात आली होती, "ऐकणाऱ्याच्या कानाला बटण नसतं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते बाजूला सरकले आणि माझ्या हातात खडूचा तुकडा दिला.

"सगळ्यांची झाली. तुमचं राहिलंय, अहो वाइंडर."

आता मला कुणाची भीती नव्हती. टेबल मिळालेलं होतं, खोली राहणार होती. मी नकोच्या बाजूला गेले. माझं अक्षर चांगलं नाही, सावकाश लिहिलं, "टेप मीच लावली होती. तरी पोटात गोळा आला."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. अंगणात कुठलाच आवाज होणार नव्हता, ग्राइंडर बंद होता, हातोडा आत होता.

"माफ करा हं, वाइंडर," ते म्हणाले, आणि रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं.